टाकोमाला मोठे टायर: काटछाट न करता किती मोठे चालतील?

प्रश्न: माझी २०१९ची टोयोटा टाकोमा पिकअप असून मूळ टायर २६५/७०आर१६ मापाचे (रुंदी २६५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १६ इंच) आहेत. कोलोरॅडोतील खडकाळ वाटांसाठी, सस्पेन्शन न उचलता आणि चाकावरचे प्लास्टिक न कापता, किती मोठे टायर बसतील?

उत्तर १: रुंदी तीच ठेवून २६५/७५आर१६ घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. व्यास सुमारे ७७७ मिलिमीटरवरून ८०४ होतो, परंतु जमिनीपासूनची उंची त्याच्या निम्म्यानेच, म्हणजे सुमारे १३ मिलिमीटरने वाढते. २८५/७५चा मोह टाळावा. तो रुंदही असल्याने स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आतल्या प्लास्टिकला घासण्याची शक्यता पुष्कळ असते.

उत्तर २: मी सहमत आहे. मात्र घेर सुमारे साडेतीन टक्क्यांनी वाढल्यामुळे, स्पीडोमीटरचा काटा आज अचूक असेल, तर तो ताशी ६० मैल दाखवील तेव्हा गाडी प्रत्यक्षात ताशी सुमारे ६२ मैलांच्या वेगाने धावत असेल. टायर बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवून, गाडी मागे घेतानाही, घर्षण तपासावे.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. जुनी स्टेपनी चालेल का?

उत्तर १: तीही त्याच मापाची घ्यावी. मागच्या दोन चाकांचा व्यास एकमेकांपेक्षा वेगळा राहिला, तर लांबच्या प्रवासात डिफरन्शियलवर (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरवर) अकारण ताण येतो.