विद्युत गाडीच्या घरच्या चार्जिंगसाठी ७.४ किलोवॅटची पेटी आवश्यक आहे का, आणि गीझरची लाइन वापरता येईल का?

प्रश्न

विद्युत मोटारीची नोंदणी केली असून ती घराच्या आवारातच चार्ज करण्याचा विचार आहे. जोडणी सिंगल फेज आहे आणि मीटरपासून गाडीची जागा केबलच्या मार्गाने सुमारे ३० मीटर पडते. गाडीसोबत १६ अँपिअरच्या सॉकेटला लावण्याची केबल मिळणार आहे, परंतु विक्रेत्याचा आग्रह ३२ अँपिअरची, म्हणजे ७.४ किलोवॅटची भिंतीवरील चार्जिंग पेटी घेण्याचा आहे. आमच्या वायरमनचे म्हणणे असे की, गॅरेजला लागूनच गीझरची लाइन आहे, तिच्यातून सॉकेट काढता येईल, आणि घराच्या मुख्य पेटीत आरसीसीबी (वीजगळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) असल्याने आणखी काही बसवावे लागणार नाही. रोजचा प्रवास ५० किलोमीटरच्या आसपास असतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आधी गाडीच्या माहितीपत्रकात ‘ऑनबोर्ड चार्जर’ची क्षमता पाहावी. एसी (सतत दिशा बदलणाऱ्या) प्रवाहाचे डीसीमध्ये (एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहात) रूपांतर गाडीतच होते. भिंतीवरील पेटी केवळ जोडणी तपासते, किती प्रवाह उपलब्ध आहे ते गाडीला कळवते आणि मगच पुरवठा सुरू करते. त्यामुळे गाडीतील चार्जर ३.३ किलोवॅटचा असेल, तर बाहेर ७.४ काय आणि २२ काय, गाडी ३.३ किलोवॅटच घेणार.

आता गरजेचा हिशेब. मध्यम आकाराची गाडी १०० किलोमीटरला साधारण १५ युनिट घेते असे धरल्यास ५० किलोमीटरला साडेसात युनिट लागतील आणि चार्जिंगमधील घट मिळवून ती आठ-साडेआठ होतील. तीन किलोवॅटच्या वेगाने हे काम तीन तासांत उरकते, आणि गाडी तर रात्रभर उभीच असते. बॅटरी पूर्ण रिकामी करून दुसऱ्याच सकाळी लांबच्या प्रवासाला निघण्याची वेळ वारंवार येत असेल तरच ७.४ किलोवॅटचा खरा उपयोग. एरवी तो विक्रेत्याच्या सोयीचा आग्रह म्हणावा लागेल.

प्रतिसाद २

वेगाबद्दलचा वरील हिशेब पटण्यासारखा आहे. गीझरच्या लाइनचा विचार मात्र पूर्णपणे सोडून द्यावा. गीझर भरपूर प्रवाह घेतो, पण पाणी तापले की थर्मोस्टॅट तो बंद करतो आणि तारेला थंड होण्यास अवधी मिळतो. गाडी तोच प्रवाह तासन्‌तास सलग घेते. अशा भारात तार, सॉकेट आणि विशेषतः सैल राहिलेले स्क्रू तापत जातात. इन्सुलेशन वितळण्याची सुरुवात बहुधा अशा सांध्यांपासूनच होते. त्यात गीझर आणि गाडी एकाच वेळी सुरू झाली तर एमसीबी (जादा प्रवाह झाल्यास लाइन तोडणारा स्विच) पडणार, आणि ती पडू नये म्हणून कोणी मोठी एमसीबी लावून दिली तर तारेचे संरक्षणच संपणार. म्हणून मुख्य पेटीपासून गाडीपर्यंत स्वतंत्र लाइनच हवी.

आपल्याकडील ३० मीटर अंतर दुर्लक्ष करण्याजोगे नाही. ६ चौरस मिलिमीटर तांब्याच्या केबलमधून ३२ अँपिअर नेल्यास जाण्या-येण्याच्या मार्गात मिळून ६ ते ७ व्होल्ट गळतात, म्हणजे सुमारे २०० वॅट केबल तापवण्यात जातात. १० चौरस मिलिमीटर घेतल्यास ही घट बरीच कमी होते, शिवाय केबल पाइपमधून नेल्यामुळे तिची वहनक्षमता घटते त्याचीही भरपाई होते. आज १६ अँपिअरवर भागणार असले तरी केबल ३२ अँपिअरच्या हिशेबानेच टाकावी, कारण पेटी पुढे सहज बदलता येते, पुरलेली केबल नाही.

आरसीसीबीबाबत वायरमनचे म्हणणे धोकादायक आहे. घरांतील जुने आरसीसीबी बहुधा ‘टाइप एसी’ असतात आणि ते केवळ एसी गळती ओळखतात. गाडीतील रूपांतरकात बिघाड झाल्यास डीसी गळती होऊ शकते. तिच्यामुळे आरसीसीबीच्या आतील चुंबकीय गाभा संपृक्त होतो, म्हणजे आणखी बदल टिपू शकत नाही, आणि मग खरोखर कोणाला धक्का बसला तरी तो पडेलच याची खात्री राहत नाही. म्हणून गाडीच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा स्वतंत्र आरसीसीबी हवा: चार्जिंगच्या पेटीत ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखून पुरवठा तोडण्याची सोय असेल तर ‘टाइप ए’, नसेल तर ‘टाइप बी’. ही लाइन घराच्या सामाईक आरसीसीबीच्या आधीच वेगळी काढावी, अन्यथा तीच डीसी गळती त्यालाही निकामी करेल.

प्रतिसाद ३

एक भर घालतो. १६ अँपिअर पुरेसे असले तरी ते घरगुती सॉकेटमधून घ्यावेत असा अर्थ होत नाही. रोज प्लग काढ-घाल केल्याने सॉकेटच्या पट्ट्या ढिल्या होतात आणि तिथेच उष्णता साचते. ज्या पेटीचा कमाल प्रवाह बसवतानाच १६, २० किंवा ३२ अँपिअरवर ठरवता येतो, ती १६ वर ठेवून वापरणे मला अधिक सुरक्षित वाटते. सॉकेटवरची केबल प्रवासापुरती ठेवावी.

तसेच भार-नियंत्रणाची सोय असलेली पेटी मिळाल्यास जरूर घ्यावी. मीटरजवळच्या तारेवर प्रवाह मोजणारी कॉइल बसवतात. घरातील वापर वाढला की पेटी गाडीचा प्रवाह कमी करते. ६ अँपिअरच्या खाली चार्जिंग चालत नाही, त्यामुळे तेवढीही जागा उरली नाही तर ते थांबते आणि नंतर आपोआप सुरू होते. मंजूर भार न वाढवता बऱ्याच घरांचे यावर भागते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. गीझरच्या लाइनचा विषय संपला. १० चौरस मिलिमीटरची स्वतंत्र केबल टाकून पेटी तूर्त १६ अँपिअरवर ठेवायचे ठरवतो. भार-नियंत्रणाची कॉइल मीटरजवळ आणि पेटी ३० मीटरवर असेल, तर दोन्हींमधील संपर्क कसा होतो? आणि काम झाल्यावर वायरमनकडून काय तपासून घ्यावे?

प्रतिसाद २

काही पेट्या बिनतारी संपर्क साधतात, पण जाड भिंतींमधून तो मधूनच तुटतो. चर खोदलेलाच असणार, तेव्हा त्यात डेटा केबलसाठी दुसरा पाइप आत्ताच टाकून घ्यावा.

तपासणीत इन्सुलेशनचा रोध, अर्थ लूपचा (बिघाडाचा प्रवाह अर्थिंगमधून परतण्याच्या मार्गाचा) रोध आणि आरसीसीबी किती मिलिसेकंदांत पडतो हे उपकरण लावून मोजून घ्यावे आणि आकडे लेखी मागावेत. केवळ टेस्ट बटण दाबून दाखवणे पुरेसे नाही. पहिल्या चार्जिंगला तासभर झाला की वायरमनने थर्मल कॅमेऱ्याने किंवा इन्फ्रारेड तापमापकाने मुख्य पेटीतील आणि चार्जरमधील सांधे पाहावेत, आणि काही आठवड्यांनी पुरवठा बंद करून स्क्रू पुन्हा आवळून द्यावेत.