नोकरीसाठी दलालाला दिलेले पैसे कोर्टाने परत मिळवून द्यावेत का?

रामबागवाला (इंदूर):
नात्यातल्या एका मुलाचं प्रकरण आहे आणि घरात त्यावरून रोज वाद चाललेत म्हणून इथे विचारतोय. मुलाच्या वडिलांनी गावाकडचं शेत विकून एका दलालाला सहा लाख दिले, सरकारी खात्यात बाबू म्हणून लावून देतो म्हणाला होता. नोकरी लागली नाही. खूप मागे लागल्यावर त्याने चेक दिला, तो बाउन्स झाला. आता त्याचा वकील कोर्टात म्हणतो की मुळात सौदाच बेकायदा, कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम २३ प्रमाणे करार शून्य, म्हणजे कायद्याने रद्दबातल, आणि जे देणं कायद्याने वसूलच होत नाही त्याच्या चेकवर १३८ ची, म्हणजे चेक बाउन्सची, केस चालत नाही. म्हणजे ज्याने फसवलं तोच कायदा दाखवून पैसे खिशात ठेवणार! करार मोडा, नोकरी नकोच मिळायला, इथपर्यंत मला मान्य आहे. पण पैसे त्याच्याकडेच का राहावेत?

भंवरकुआं रूम नं. ४:
दादा, वाईट वाटून घेऊ नका पण मला काकांची अजिबात दया येत नाही. आम्ही इथे रूम घेऊन वर्षानुवर्षं परीक्षा देतोय, आमच्या घरच्यांनी पण काही ना काही विकलंच आहे. ते सहा लाख कशाचे होते? माझ्यासारख्या कुणाच्या तरी जागेचे. नोकरी लागली असती तर काका कोर्टात गेले असते का? आणि उद्या कोर्ट पैसे परत द्यायला लागलं तर लोक बिनधास्त देतील, काम झालं तर नोकरी नाही झालं तर पैसे परत, मग घाबरायचं कशाला. व्यापमंचं, म्हणजे मध्य प्रदेशच्या परीक्षा मंडळातल्या घोटाळ्याचं, प्रकरण आपल्या इंदूरच्या पोलिसांनीच २०१३ ला उघडं पाडलं, २०१७ ला सुप्रीम कोर्टाने ६३४ जणांचे मेडिकलचे प्रवेश रद्द केले, पोरं डॉक्टर होत आली होती तरी सोडलं नाही. तेच बरोबर.

वकीलकाकू, पलासिया:
दोघांनी थोडं कायद्याचं ऐका. कलम २३ सांगतं की मोबदला किंवा उद्देश कायद्याने मना केलेला असेल, कायदा निष्फळ करणारा असेल, लबाडीचा असेल, कुणाच्या अंगाला किंवा मालमत्तेला इजा करणारा असेल, किंवा अनैतिक वा लोकहिताविरुद्ध असेल तर करार शून्य. आणि तुमचं प्रकरण तर १८७२ च्या त्या कायद्यात उदाहरण म्हणूनच छापलेलं आहे: 'अ' ने 'ब' ला सरकारी नोकरी मिळवून द्यायची, 'ब' ने हजार रुपये द्यायचे, करार शून्य. त्यामुळे यावर वाद नाही. आता पैसे परत मागायचं कलम आहे ६५, पण ते करार शून्य असल्याचं नंतर उघडकीला आलं तर. दोघांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं तर ६५ उपयोगाचं नाही, कुजू कोलियरीजच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १९७४ ला हेच सांगितलं. इथपर्यंत रूम नं. ४ चा मुद्दा टिकतो.

पण पुढे ट्रस्ट ॲक्ट १८८२ चं कलम ८४ आहे, ते कुणी वाचतच नाही. बेकायदा कामासाठी मालमत्ता दिली आणि ते काम झालंच नाही, किंवा देणारा घेणाऱ्याइतका दोषी नाही, तर घेणाऱ्याने ती देणाऱ्यासाठीच धरून ठेवली असं मानायचं. सीताराम विरुद्ध राधाबाई, १९६८, त्यातही सुप्रीम कोर्टाने हे अपवाद मानले. म्हणजे दार पूर्ण बंद नाही.

रामबागवाला (इंदूर):
काकू हेच तर म्हणतोय मी! काम झालं नाही, कुणाची जागा गेली नाही. आणि रूम नं. ४, तू म्हणतोस परत मिळाले तर लोक घाबरणार नाहीत, पण दलालाचं काय? आज त्याला माहीत आहे की घेतलेला पैसा कोर्ट परत मागणार नाही, म्हणून तो दहा जणांकडून घेतो, एकाचंही काम करत नाही. भीती फक्त देणाऱ्याला, घेणाऱ्याला काहीच नाही. इंग्लंडमध्ये पटेल विरुद्ध मिर्झा म्हणून केस झाली, शेअरबाजारातल्या आतल्या खबरीवर पैसे लावायला ६,२०,००० पाउंड दिले होते, व्यवहार झालाच नाही, २०१६ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने परत करायला लावले.

रिटायर्ड बाबू, सुदामानगर:
इंग्लंडचं इंग्लंडमध्ये. इथे २०१८ पासून भ्रष्टाचार कायद्यात लाच देणारा पण गुन्हेगार आहे, मधल्या माणसाला दिली तरी. सात वर्षांपर्यंत शिक्षा. सुटका कुणाला, ज्याच्याकडून जबरदस्तीने घेतली आणि ज्याने सात दिवसांत तक्रार केली त्याला. तुमच्या नातेवाइकांवर कुणी जबरदस्ती केली होती? मी नोकरीत असताना असे वडील ऑफिसच्या गेटवर बघितलेत, साहेबाचं घर कुठे विचारत फिरायचे. त्यांना सगळं समजत होतं.

खजराना:
मग सरळ उसने दिले होते म्हणून सांगायचं ना, नोकरीचं नावच काढायचं नाही. की रोखीने दिले म्हणून तेही जमणार नाही?

वकीलकाकू, पलासिया:
रोखीचा प्रश्न वेगळा. वीस हजारांच्या वर रोख उसने घेतले तर इन्कम टॅक्सचा दंड बसतो, पण तेवढ्याने व्यवहार शून्य होत नाही, सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. पण उसने नव्हतेच तर शपथेवर उसने म्हणून सांगू नका, उलटतपासणीत दोन प्रश्नांत बाहेर येतं आणि मग खोट्या साक्षीचं वेगळं मागे लागतं. दलालाकडे ओळखच नव्हती, सुरुवातीपासून लुबाडायचाच बेत होता असं दिसत असेल तर फसवणुकीची तक्रार द्या, न्याय संहितेचं ३१८(४). लाचेचा प्रश्न तिथेही निघेल, म्हणून आधी फौजदारीवाल्या वकिलाला सगळं खरं सांगा.

भंवरकुआं रूम नं. ४:
दलाल आत गेला तर मला आनंदच आहे. पण पैसे काकांना परत नकोत, सरकारजमा करा.

रामबागवाला (इंदूर):
सरकारजमा झाले तरी मला चालेल, दलालाकडे राहू नयेत एवढंच. पण भावा, करार शून्य ठरवून केस फेटाळली की पैसे सरकारकडे जात नाहीत, ज्याच्या हातात आहेत त्याच्याकडेच राहतात. तुझ्या मताने निकाल लागला तर सहा लाख कुणाचे झाले ते सांग.

भंवरकुआं रूम नं. ४:
दलालाचे. ते चूकच आहे, मान्य. तरी काकांना परत द्या हे माझ्याच्याने म्हणवत नाही.