मदत हवी आहे: कोलायटिस आणि इंदूर-पुणे प्रवास

नमस्कार मंडळी, मी इंदूरला राहते, दोन वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा) आहे. त्यासाठी मेसालामाइन हे औषध चालू आहे, पण दिवाळीनंतर परत रक्त पडायला लागलं, कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारी शौचाची तपासणी) ३८० आलं (५० च्या आत नॉर्मल असतं म्हणे), म्हणून डॉक्टरांनी स्टेरॉइड दिलंय, ४० मिलीग्रॅमपासून दर आठवड्याला ५ ने कमी करायचंय. आता २० वर आलेय, रक्त थांबलंय, पण सकाळी चार-पाच वेळा पळावंच लागतं आणि त्यात स्टेरॉइडने चेहरा असा सुजलाय की सासूबाई म्हणतात चांगली तब्येत सुधारली गं तुझी! काय बोलणार.

प्रश्न असा की पुढच्या महिन्यात नणंदेचं लग्न पुण्याला आहे, घरचे सगळे रात्रीच्या स्लीपर बसने निघणारेत, मला ट्रेनच बरी वाटते, निदान संडास तरी असतो. तुमच्यापैकी कोणी असा प्रवास केलाय का? आदल्या दिवशी काय खाता? मी सध्या मऊ भात, वरण, उकडलेला बटाटा एवढंच खाते, पोहे चालतात पण वरची शेव आणि जिरावण (पोह्यांवरचा इंदुरी मसाला) सोडलंय, इंदुरात राहून हे किती अवघड आहे ते इंदूरकरांनाच कळेल.

आणि एक, गुडघे दुखतात म्हणून नवरा डायक्लोफेनॅक घे म्हणतो, पण त्याने कोलायटिस भडकू शकतं ना? डॉक्टरांना विचारणारच आहे, तोवर तुम्ही काय करता ते सांगा.