तालुक्याच्या कॉलेजात मुलींची रग्बी: खेळू द्यावी की कबड्डीच बरी?

पांढरकवड्याची मास्तरीण
आमच्या तालुक्याच्या कॉलेजात यंदा मुलींचा रग्बी संघ उभा राहतोय. पालकांच्या बैठकीत हरकती आल्या: हाडं मोडतील, चड्ड्या घालाव्या लागतील, आणि आपली कबड्डी असताना हे कशाला? मी स्वतः विद्यापीठाकडून रग्बी खेळले आहे, आता शाळेत शिकवते. माझं स्पष्ट मत आहे की खेड्यातल्या मुलीला अठराव्या वर्षी सुरू करता येईल असा याच्याइतका न्याय्य खेळ दुसरा नाही.

बॅडमिंटन घ्या, पोहणं घ्या. शहरातली मुलगी तिसरी-चौथीपासून कोचिंग लावून आलेली असते. आपली मुलगी पहिल्यांदा रॅकेट धरते तेव्हाच ती हरलेली असते. रग्बीचा चेंडू मात्र बहुतेक मुली कॉलेजात आल्यावरच पहिल्यांदा हातात घेतात. पळायचं पुढे आणि पास द्यायचा मागे किंवा बाजूला, ही सवय नागपूरच्या मुलीलाही लावून घ्यावी लागते आणि झरीच्या मुलीलाही. कपड्यांचं म्हणाल तर नियमातच मुलींना पूर्ण पायाच्या टाइट्स आणि डोक्याला स्कार्फ चालतो.

वेचणीवाला बाप
ताई, तुमचं म्हणणं ऐकाले बरं वाटते. पण स्पर्धा कवा राहतात? दिवाळी झाली का. तवाच आमची कापसाची वेचणी सुरू राहते. मजूर भेटत नाई, भेटला त भाव परवडत नाई. पोट्टी घरची दोन हात हाय. ते संध्याकाळी ग्राउंडवर थांबली त शेवटची एस्टी जाते, मंग तिले आणाले कोन जाईन? पाय मोडला त यवतमाळले न्या, नाई जमलं त नागपूरले. खर्च कोन देईन ते पयले सांगा.

मॅटबाहेरचा
मी मुलींना कबड्डी शिकवतो, म्हणून विरोध करतोय असं समजू नका. आपल्याकडे गावात मैदान आखायला चुना आणि दोरी पुरते. गावोगाव मंडळं आहेत, जुने खेळाडू आहेत, स्पर्धा आहेत. भारताच्या मुलींनी आशियाई खेळांत २०१०, २०१४ आणि २०२२ ची सुवर्णपदकं कबड्डीत आणली. इतकी तयार वाट सोडून मुलींना अशा खेळात का ढकलायचं, जिथे प्रशिक्षक जिल्ह्यात शोधावा लागतो? शिवाय आपली जमीन काळी. पावसाळ्यात चिखल, हिवाळा सरता सरता भेगा. त्या भेगाळ मातीवर अंगावर येणाऱ्या मुलीला पाडायचं म्हणजे गुडघा गेलाच.

पांढरकवड्याची मास्तरीण
@मॅटबाहेरचा, गुडघे कबड्डीतही जातात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. जमिनीचा मुद्दा मात्र खराच आहे. नांगरून, पाणी मारून, रोळ फिरवून तयार केलेल्या मैदानाशिवाय टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन पळणारीला मिठी मारून पाडणं, शिकवूच नये.

टॅकल कसा शिकवतात ते सांगते, कारण भीती तिथेच आहे. सुरुवात दोघींनी गुडघ्यावर बसून करायची. खांदा समोरचीच्या मांडीला, डोकं बाजूला, गाल तिच्या अंगाला चिकटलेला, आणि दोन्ही हातांची घट्ट मिठी. डोकं तिच्या पुढ्यात आलं की शिट्टी, पुन्हा पहिल्यापासून. हे अंगवळणी पडल्यावर उभ्याने, मग चालत, मग धावत. खांद्याच्या वर धरलं की पेनल्टी, आणि धोकादायक असेल तर कार्ड. कबड्डीच्या मुलींना थाय होल्ड, म्हणजे मांडीची पकड, आयती येते, म्हणून त्या लवकर तयार होतात. पण त्यांची डॅशची सवय मोडावी लागते, कारण हात न गुंडाळता दिलेला धक्का इथे फाउल असतो. म्हणून मी कबड्डी सोडा म्हणत नाही. तुमच्याच मुली दोन्ही खेळू शकतात.

धारणीची सिस्टर
खेळाच्या बाजूनेच आहे, पण एक गोष्ट कोणीच बोललं नाही: सिकलसेल, म्हणजे आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार. मेळघाट, गडचिरोली, चंद्रपूर, आपल्या यवतमाळचाही बराच भाग. वाहक असलेली, म्हणजे आई किंवा बाप एकाकडूनच हा दोष आलेली मुलगी एरवी ठणठणीत असते, तिला स्वतःलाही माहीत नसतं. पण उन्हात, कमी पाणी पिऊन, एकदम जोराची धावाधाव झाली तर स्नायूंना इजा होऊन ती कोसळू शकते, जिवावरही बेतू शकतं. अमेरिकेत विद्यापीठाच्या वरच्या गटातल्या खेळाडूंची ही तपासणी २०१० पासून होते. आपल्याकडे साधी सोल्युबिलिटी चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. ती पॉझिटिव्ह आली की पुढची तपासणी करून वाहक की रुग्ण ते ठरतं. रुग्ण असेल तर हा खेळ नकोच. वाहक असेल तर खेळू द्या, पण सराव हळूहळू वाढवा, मध्ये सावलीत बसवा, पाणी पाजा. सोबत हिमोग्लोबिनही बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयी निघाल्या आहेत.

आणि डोक्याला मार बसल्याचा नुसता संशय आला तरी मुलगी त्या दिवशी परत मैदानात नको. "बरी आहे" असं ती म्हणाली तरी नको.

मॅटबाहेरचा
सिस्टरचं शंभर टक्के मान्य. कबड्डीच्या मुलींनाही हे लागू आहे. पण नोकरीचं काय? सरकारी नोकरीत खेळाडूंना असलेल्या पाच टक्के आरक्षणासाठी नुसतं खेळून भागत नाही. शासन मान्य करतं अशा स्पर्धेत नंबर लागावा लागतो. आई-बापाला तेच विचारायचं असतं.

बीए दुसरं वर्ष
दादा, प्रत्येक गोष्ट नोकरीसाठीच का? आमच्या वर्गातले मुलगे क्रिकेट खेळतात, त्यांना कोणी हे विचारत नाही. सेव्हन्समध्ये, म्हणजे सात-सात जणींच्या रग्बीत, सात-सात मिनिटांचे दोन डाव असतात. तेवढ्या वेळात मला कोणी हळू चाल, खाली बघ, असं सांगत नाही. मला ते हवं आहे.

पांढरकवड्याची मास्तरीण
भारताच्या मुलींनी पंधरा-पंधरा जणींच्या रग्बीत पहिला विजय २०१९ मध्ये मनिलात सिंगापूरवर मिळवला. कर्णधार वाहबिझ भरूचा पुण्याची. विदर्भातलं नाव तिथे दिसायचं असेल तर कुठल्या तरी तालुक्यातून सुरुवात व्हायलाच हवी. @वेचणीवाला बाप, दादा, सराव सकाळी तासिकांच्या आधी ठेवता येईल, म्हणजे एस्टीचा प्रश्न सुटतो. मैदान, रक्ततपासणी आणि विमा झाल्याशिवाय टॅकल सुरू करायचा नाही, हे मी कॉलेजला लेखी मागते.

वेचणीवाला बाप
लेखी भेटलं त फोटो इथं टाका. विम्यात ऑपरेशन धरलं का नाई, तेबी पाहा. वेचणीचं मी म्हणतो तेच हाय, त्याले सकाळचा सराव उत्तर नाई. तवाच्या स्पर्धेले पोट्टी जाणार नाई. बाकी दिवस तिची माय आन मी बसून ठरवू.