मदत हवी आहे: वय ५४, पहिली ४२ किमी, आणि टाचेमागची नस

वेताळटेकडी५४

जाणकारांचा सल्ला हवा आहे. सगळी माहिती एकदमच देतो, म्हणजे मागाहून विचारत बसावं लागणार नाही.

वय ५४, पुरुष, पुणे. वजन ७४ किलो. अर्धमॅरेथॉन तीन झाल्या, सर्वांत चांगली वेळ २ तास १८ मिनिटं. जानेवारीत मुंबईची पूर्ण धावायची आहे, हातात २२ आठवडे आहेत. सध्या आठवड्यातून सहा दिवस धावणं: पाच दिवस ८-८ किमी, रविवारी १८. वेग रोज साधारण ६:३० (म्हणजे किलोमीटरला साडेसहा मिनिटं), घड्याळात नाडी १५२ ते १५८.

अडचणी दोन. रविवारचं अंतर २४ च्या पुढे नेलं की पोटऱ्यांत गोळे येतात. आणि तीन आठवड्यांपासून सकाळी अंथरुणातून उठल्यावर उजव्या टाचेमागची नस (पोटरीला टाचेशी जोडणारी कंडरा) पाच-सात मिनिटं ताठ असते. धावायला लागलं की मोकळी होते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड १२.५ अशी एकत्र गोळी रोज सकाळी. साखर नाही.

५ तासांच्या आत जमेल का? टाचेसाठी धावणं पूर्ण बंद करावं का? आणि मध्ये चाललं तर ती मॅरेथॉन 'धावली' असं म्हणता येतं का? (हसू नका.)

मंदगती

आधी नाडीचा आकडा बघू, कारण दोन्ही दुखण्यांचं मूळ मला तिथेच दिसतंय.

कमाल नाडीचं एक बरं सूत्र आहे: २०८ वजा वयाच्या ०.७ पट. तुमच्यासाठी १७०. सूत्रात माणसागणिक दहाएक ठोक्यांचा फरक पडू शकतो, पण १७० धरले तर १५५ म्हणजे ९१ टक्के. म्हणजे ज्याला तुम्ही रोजचं साधं धावणं म्हणताय ते जवळजवळ शर्यतीचं धावणं आहे, तेही आठवड्यातून सहा वेळा. तिशीत हे खपून जातं. पन्नाशीत दम वाढायला सहा-आठ आठवडे पुरतात, पण नसा आणि स्नायूबंध मजबूत व्हायला महिने लागतात. फुप्फुसं म्हणतात चल, टाच म्हणते थांब.

चार दिवस धावा, असे:

मंगळवार ८ किमी अगदी सावकाश, नाडी १३० च्या आत. वेग ७:३० किंवा ७:४५ होईल, लाज वाटेल, वाटू द्या. कसोटी सोपी: पूर्ण वाक्य न तोडता बोलता आलं पाहिजे. गुरुवारी १० किमी, त्यातले मधले ५ शर्यतीच्या वेगाने. शनिवारी ५ किमी सावकाश. रविवारी लांब. बुधवारी सायकल किंवा पोहणं चालेल. सोमवार आणि शुक्रवार सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे टेकडी चढणंही नाही.

रविवारचं अंतर: १८, २०, २२, मग १५. नंतर २२, २४, २६, मग १७. दर चौथ्या आठवड्याला उतरायचंच, पाय कितीही ताजे वाटले तरी. सर्वांत लांब धाव साडेतीन तासांची. ७:१५ च्या वेगाने ते २९ किमी भरतात, म्हणून ३० वर थांबा. ग्रुपमध्ये कुणी ३५ करून आलं तर फोटोला लाइक द्या आणि विसरा. साडेतीन तासांनंतर फायदा फारसा वाढत नाही, दुरुस्तीचे दिवस मात्र वाढतात. ३० किमी दोनदाच, दुसरी शर्यतीच्या तीन आठवडे आधी. त्यानंतरचे रविवार २० आणि १२.

वेळेचं गणित: अर्धीची वेळ गुणिले २.०८५. तुमचे १३८ मिनिटं म्हणजे ४ तास ४८ मिनिटं. पण हे सूत्र आठवड्याला भरपूर किलोमीटर धावणाऱ्यांना लागू पडतं. तुमच्या मोजमापात १५-२० मिनिटं वाढवून धरा. ५ तासांना ७:०७ चा वेग लागतो, ५:१० ला ७:२१. पहिल्या वेळी ७:२० ने सुरू करा.

पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन पारंपरिकपणे डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, म्हणजे मुंबईच्या सहा-सात आठवडे आधी. तिथे अर्धी धावा, पण ७:२० च्याच वेगाने, मुंबईला वापरणार तेच बूट आणि तोच खाऊ घेऊन. रंगीत तालीम.

फिजिओताई

टाचेबद्दल. आधी जागा शोधा. चिमटीत नस धरून खालून वर दाबत जा. हाडाला जिथे चिकटते तिथे दुखतं की हाडाच्या दोन ते सहा सेंटीमीटर वर? दोन्हींचे व्यायाम वेगळे आहेत, आणि इथेच बहुतेक जण चुकतात.

वरच्या भागात असेल तर पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाच खाली सोडण्याचा व्यायाम. दोन्ही पायांवर वर जा, दुखऱ्या एकाच पायावर मनात तीन मोजत खाली या. १५ चे तीन संच गुडघा सरळ ठेवून, १५ चे तीन गुडघा किंचित वाकवून. वाकवलेला प्रकार लोक सोडून देतात, पण पोटरीचा आतला स्नायू त्यानेच तयार होतो आणि लांब अंतराला तोच कामाला येतो. बारा आठवडे, रोज. सोपं वाटू लागलं की पाठीवरच्या सॅकमध्ये पाच किलो तांदूळ टाका, मग वाढवत न्या.

दुखणं हाडाजवळ असेल तर पायरीवर करायचं नाही. टाच पायरीखाली गेली की नस हाडावर दाबली जाते आणि दुखणं वाढतं. सपाट फरशीवरच टाचा उचला. टॉवेलने चवडा ओढून ताणण्याचा प्रकारही बंद.

धावणं पूर्ण बंद करू नका. दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळचा ताठरपणा आदल्या सकाळपेक्षा जास्त नको. पाचाची दहा मिनिटं झाली तर अंतर कमी करा. ठणका ओसरेपर्यंत चढ आणि वेगाचं धावणं टाळा, गुरुवारचे मधले ५ सुद्धा सध्या सावकाशच. बुटाची टाच चवड्यापेक्षा ८-१० मिलिमीटर उंच असलेली बरी. एकदम सपाट बुटात नसेवर ताण वाढतो.

पोटरीतले गोळे: सगळं खापर मिठावर फोडू नका. एका पायावर उभं राहून टाच किती वेळा पूर्ण उचलता येते ते मोजा. २५ झाल्या पाहिजेत. बारा-चौदाला थांबत असाल तर २४ व्या किलोमीटरला पोटरी दमणारच.

अजून एक, कुणी सांगत नाही म्हणून: सर्दी-खोकल्याला किंवा लघवीच्या जंतुसंसर्गाला सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन अशी प्रतिजैविकं दिली तर डॉक्टरांना 'मी धावतो, टाचेची नस दुखते' हे आधी सांगा. या गटातल्या औषधांनी नस सुजण्याचा आणि तुटण्याचाही धोका वाढतो, साठीनंतर जास्त. स्टेरॉइडचं इंजेक्शन थेट टाचेच्या या नसेत घेऊ नका. आणि पोटरीवर काठी मारल्यासारखा 'फट्' आवाज होऊन चवड्यावर उभं राहता आलं नाही तर व्यायाम नाही, त्याच दिवशी ऑर्थोपेडिक.

वेताळटेकडी५४

दाबून पाहिलं, हाडापासून चार बोटं वर दुखतं. टाच उचलणं: डाव्या पायावर १९, उजव्यावर ११. उत्तर मिळालंच म्हणायचं.

कट्ट्यावरचा

पन्नाशीनंतर असले उद्योग करून गुडघे झिजवायचे कशाला? चालावं की निवांत.

मंदगती

हौसेने धावणाऱ्यांचे गुडघे बैठ्या लोकांपेक्षा जास्त झिजतात, असं अभ्यासांत दिसत नाही. जुनी दुखापत आणि वजन हे गुडघ्याचे खरे शत्रू. फौजा सिंग २००० साली लंडनला पहिली मॅरेथॉन धावले तेव्हा ८९ वर्षांचे होते. तरी चालायलाही कुणाची हरकत नाही, धागा मात्र धावण्याचा आहे.

डॉक_रविवार

वेताळटेकडी, तुमच्या गोळीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. हायड्रोक्लोरोथायाझाइड लघवीवाटे पाणी आणि सोडियम बाहेर काढतं. तीन तास घाम गाळायचा, वर हे औषध, आणि त्यात नुसतं साधं पाणी पीत राहायचं, म्हणजे रक्तातलं सोडियम घसरण्याची तयारीच. गोळी स्वतःहून बंद करू नका किंवा वेळ बदलू नका. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना 'आठवड्यातून एकदा तीन तास धावतो' एवढं स्पष्ट सांगा. ते पर्याय देतील किंवा वेळ बदलतील. सोबत सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन तपासून घ्या.

त्याहून महत्त्वाचं: लांब धावेच्या आधी किंवा मध्ये डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन घेऊ नका. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि वेदनाशामक हे त्रिकूट, त्यात शरीर कोरडं पडलेलं, म्हणजे मूत्रपिंडावर चारी बाजूंनी भार. शर्यतीच्या सकाळी 'एक घेऊन टाक' असं सांगणारे मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतात.

वाढवायला सुरुवात करण्याआधी ईसीजी, टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) आणि टीएमटी (पट्ट्यावर चालवून घेतलेला ईसीजी) करा. टीएमटी चांगली आली म्हणजे हृदयाला वर्षभराची हमी मिळाली असं नाही. ती रक्तवाहिनीतला मोठा अडथळा दाखवते, छोटे थर सुटू शकतात. म्हणून लक्षणांकडे बघा: चढावर छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, नेहमीच्या वेगाला अचानक लागणारी धाप, डोळ्यांपुढे अंधारी. यातलं काहीही झालं तर जागेवर थांबायचं. 'अजून दोनच किमी राहिलेत' हा विचारसुद्धा नको.

इतर वाचकांसाठी: मेटोप्रोलोलसारखी औषधं चालू असतील तर घड्याळातली नाडी मुळातच कमी दिसते. वरचं सूत्र तुम्हाला लागू नाही, बोलण्याची कसोटी वापरा.

सकाळची_पाळी

प्रश्न जरा वेगळा आहे. वय ५१, पाळी बंद होऊन वर्ष झालं, १० किमी धावते. उतारावर आणि शिंक आली की थोडी लघवी होते. हे धावण्यामुळे की वयामुळे? पाणी पिणं कमी केलंय.

फिजिओताई

ताई, दोन्हींमुळे, आणि पाणी कमी करणं हा उपाय नाही. लघवी घट्ट झाली की मूत्राशय उलट जास्त चिडतं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू: लघवी रोखल्यासारखे आत-वर ओढा, आठ सेकंद धरा, तितकेच सेकंद पूर्ण सोडा. असे आठ ते बारा, दिवसातून तीनदा, तीन महिने. पूर्ण सोडणं हे निम्मं काम आहे. उतारावर पावलं छोटी करा. फरक पडला नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, संकोच नको.

पाळी गेल्यावर हाडं झपाट्याने विरळ होतात. आठवड्यातून दोनदा वजनाचे व्यायाम धावण्याइतकेच आवश्यक. नडगीवर एका बोटाएवढ्या जागी दाबून दुखत असेल तर तो स्नायू नसून हाडातली बारीक चीर असू शकते. धावणं थांबवून तपासा. ड जीवनसत्त्व आणि हाडांची घनता एकदा बघून घ्या.

घामाचा_हिशोब

पुण्याहून मुंबईला धावायला जाणारे घामात फसतात. जानेवारीत पुण्यात पहाटे स्वेटर लागतो, मुंबईत दमट हवेमुळे घाम सुकतच नाही, अंग तापत जातं. पुण्यातला ७:०० चा वेग तिथे त्याच नाडीला ७:२० होतो असं धरा. डिसेंबरात एक लांब धाव मुंबईत किंवा कोकणात करा. ते जमत नसेल तर पुण्यातच उन्हं वर आल्यावर.

घाम मोजा. धावण्याआधी लघवी करून कमीत कमी कपड्यांत वजन, नंतर अंग पुसून पुन्हा. समजा ७४.० चे ७२.६ झाले आणि मध्ये अर्धा लिटर प्यालात, तर दीड तासात घाम १.९ लिटर, तासाला सव्वा लिटरच्या आसपास. सगळा भरून काढायचा नाही, पोट तेवढं घेतही नाही. तासाला ५०० ते ७०० मिली, तहानेप्रमाणे. धावून वजन वाढलं असेल तर पाणी जास्त झालं, आणि तुमच्या गोळीसोबत ते जास्त धोक्याचं. ओआरएसची एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच घाला, अर्ध्या बाटलीत अख्खी पुडी ओतली की मळमळ.

खाणं: दर ४० मिनिटांनी एक जेल (धावताना खायच्या घट्ट गोड पाकाची छोटी पुडी). त्यात साधारण २५ ग्रॅम कर्बोदकं असतात, मोठ्या केळ्याइतकीच. पाच तासांना सात लागतील. पहिली ४० व्या मिनिटाला, भूक लागायची वाट न बघता. जेल मानवत नसेल तर बिया काढलेला खजूर, पण जे काही खाणार ते सप्टेंबरपासून प्रत्येक रविवारी खा. आतड्यालाही सराव लागतो. सुटण्याच्या अडीच तास आधी ब्रेड-जॅम आणि केळं. साबुदाण्याची खिचडी नको, तुपा-दाण्यांची ती पोटात बसून राहते.

बूट एक अंगठा मोकळा राहील एवढे, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. काखा, जांघा आणि स्तनाग्रांना व्हॅसलीन. सध्याच्या पावसात ओले बूट उन्हात न ठेवता आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सुकवा आणि आलटून पालटून दोन जोड वापरा.

मंदगती

चालण्याचा प्रश्न राहिलाच. अंतर ४२.१९५ किमी, ते पायांनी कापलं की झालं. उलट ठरवून चालणारे बरेचदा शेवटी पुढे असतात: ४ मिनिटं धाव, १ मिनिट भरभर चाल, आणि हे पहिल्या किलोमीटरपासून. दमल्यावर सुरू केलेलं चालणं म्हणजे थांबणं, तेव्हा पोटऱ्या आधीच आवळलेल्या असतात. गणितही बसतं: ६:५० ने धावून ९:३० ने चाललात तर सरासरी ७:१५ च्या आसपास येते.

मुंबईच्या मार्गावरचा पेडर रोडचा चढ यंदाच्या नकाशात कितव्या किलोमीटरला आहे ते पाहून ठेवा आणि तो अख्खा चालत चढायचा हे आजच ठरवा.

वेताळटेकडी५४

सर्वांचे आभार. उद्यापासून चार दिवस, गोळीसाठी सोमवारी डॉक्टरांकडे. शेवटची शंका: उजवी टाच ११ वरून किती झाली की गुरुवारचे मधले ५ वेगात सुरू करू?

फिजिओताई

उजवी २० ला पोचली, आणि सलग दोन आठवडे सकाळचा ताठरपणा एका मिनिटाच्या आत राहिला, की मग. पहिल्या गुरुवारी पाच नाही, दोनच किमी.