मदत हवी आहे: मुलीला घरी शिकवू की शाळेत घालू?

मुलगी 6 वर्षांची. वाचायला आपली आपणच शिकली, पण गजबज झाली की टेबलाखाली जाऊन बसते. म्हणून घरीच शिकवावं असं मला वाटतंय. नवऱ्याला खासगी शाळा हवी. एक पाहून आलो. वर्गात 22च मुलं, पण तासभरात एकालाही तोंड उघडू दिलं नाही! जवळच्या सरकारी शाळेची इमारत जुनाट, बाई मात्र मुलांबरोबर जमिनीवर बसून खडे मोजत होत्या. मन तिथंच रेंगाळतंय.

घरी शिकवणाऱ्यांनो, नोकरी सांभाळून जमतं का? रोज किती वेळ बसता? पुढे पाचवीत वगैरे शाळेत घालायचं ठरलं तर वयानुसार प्रवेश मिळाला की परीक्षा घेतली? ‘मुलांत मिसळणार कशी?’ हे सासूबाईंचं रोजचंच, त्यावरही अनुभव सांगा.