मॅसॅच्युसेट्समधले लोक सांगा: टाउनच्या बॅलटवर सीपीए आलंय, हो म्हणावं का?

नवंघर

नमस्कार मंडळी, मागच्या वर्षी बॉस्टनच्या पश्चिमेला घर घेतलं, अजून हप्त्याची सवय होतेय तोवर नोव्हेंबरच्या बॅलटवर कम्युनिटी प्रिझर्वेशन ॲक्ट म्हणजे सीपीए येतंय असं कळलं (अकाउंटंटवालं सीपीए नाही). शेजारच्या आजोबांनी अंगणात 'नको'ची पाटी लावलीये, समोरच्या काकूंनी 'हो'ची, आणि घर लागताना दोघांनीही आम्हाला खूप मदत केलीये म्हणून खरंच समजून घ्यायचंय. मला एवढंच कळलं की प्रॉपर्टी टॅक्सवर दीड टक्का सरचार्ज (जादा कर) लागणार आणि तो पैसा परवडणारी घरं, मोकळी जमीन, जुन्या वास्तू आणि मैदानं यांच्यासाठी वापरणार. पण वर्षाला आपल्या खिशातून नक्की किती जाणार? हा पैसा उद्या रस्त्यांवर नाहीतर पगारांवर उडवणार नाहीत कशावरून? आणि चर्चच्या दुरुस्तीला पण देतात म्हणे, ते खरं का? बायको सिटिझन आहे, माझं ग्रीन कार्ड, त्यामुळे मत तिचं एकटीचंच, पण ती म्हणते तू नीट माहिती काढ मग बोलू.

सासवडची_पोर

आधी हिशोब करू कारण इथेच सगळ्यांचा घोटाळा होतो. दीड टक्का घराच्या किमतीवर नाही, टॅक्सच्या रकमेवर लागतो. समजा घराचं असेसमेंट (टाउनने टॅक्ससाठी धरलेली किंमत) ७ लाख डॉलर आहे आणि टाउनचा रेट हजारामागे १२ डॉलर, तर तुमचा टॅक्स झाला ८,४००. आता बहुतेक टाउन पहिल्या १ लाखाला सूट देतात (तुमच्या प्रश्नात ती सूट लिहिलीये का ते बघा, आपोआप मिळत नाही, टाउनला ती निवडावी लागते). म्हणजे ६ लाखांवरचा टॅक्स ७,२००, त्याचा दीड टक्का १०८ डॉलर. वर्षाचे. महिन्याला ९. कायद्यात जास्तीत जास्त ३ टक्के लावता येतो, बॉस्टनने २०१६ साली १ टक्का घेतला, केंब्रिजने २००१ मध्येच ३ टक्के घेतला होता. बिलावर वेगळी ओळ येते आणि एस्क्रो (हप्त्यासोबत बँक टॅक्सचे पैसे जमा करून घेते ते खातं) असेल तर बँकच भरते, म्हणून कित्येकांना आपण हे भरतोय हेच ठाऊक नसतं.

शेजारच्या आजोबांना एक सांगा, ६० च्या पुढच्या कमी किंवा मध्यम उत्पन्नाच्या घरमालकांना पूर्ण सरचार्ज माफ करायची तरतूद आहे, पण टाउनने ती स्वीकारलेली हवी आणि दरवर्षी असेसरच्या (टॅक्ससाठी घरांची किंमत ठरवणाऱ्या) ऑफिसात अर्ज करावा लागतो. आमच्या गल्लीतल्या एका आजींना हे तीन वर्षं माहीतच नव्हतं, शेवटी मीच त्यांच्यासोबत जाऊन फॉर्म भरून दिला.

मीठभाकर

मी 'नको' बाजूचा, आणि माझं कारण कंजूषपणा नाही. १०८ डॉलर ऐकायला कमी वाटतात पण ते एकटे येत नाहीत, आमच्याकडे त्याच दोन वर्षांत शाळेच्या इमारतीसाठी टॅक्स वाढला, मग ओव्हरराइड (मतदान घेऊन टॅक्सवाढीची मर्यादा ओलांडणं) आलं, एस्क्रोत तूट निघाली आणि महिन्याचा हप्ता बघता बघता कुठल्या कुठे गेला. सीपीएचा सरचार्ज टाउनच्या एकूण टॅक्सवाढीवरच्या अडीच टक्केवाल्या मर्यादेत मोजला जात नाही, तो तिच्या बाहेर आहे हे किती जणांना माहितीये? दुसरं म्हणजे सरचार्जच्या पैशात राज्य जी भर घालतं तिचं आमिष. सुरुवातीला, म्हणजे २००७ पर्यंत, राज्य डॉलरला डॉलर देत होतं, पुढे टाउन वाढत गेले, तो पैसा जिथून येतो ती रजिस्ट्रीची फी तेवढीच राहिली आणि आपल्या वाट्याला येणारा हिस्सा खूपच घसरला. तिसरं, एकदा स्वीकारलं की पाच वर्षं बाहेर पडता येत नाही. ज्यांची नोकरी डळमळीत आहे, व्हिसाचा प्रश्न लटकलाय, त्यांना दरमहाचे नऊ डॉलर पण नऊ डॉलरच असतात.

जुनी_वही

शेजारच्या टाउनमध्ये मी सहा वर्षं सीपी कमिटीवर, म्हणजे सीपीएचा पैसा कुठे द्यावा ते सुचवणाऱ्या समितीवर होते म्हणून जरा सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

मीठभाकर, ओझ्याचं तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, ते कुणी हलक्यात घेऊ नये. फक्त राज्याच्या हिश्श्यात एक बदल झालाय. तो पैसा येतो रजिस्ट्री ऑफ डीड्समधल्या (घर-जमिनीचे कागद नोंदवायच्या ऑफिसातल्या) फीमधून, म्हणजे घर घेताना, रिफायनान्स करताना आपण सगळे भरतो त्यातून. ही फी बहुतेक कागदांना २० डॉलर होती, ती २०१९ च्या कायद्याने ५० केली आणि त्यानंतर काही वर्षं हिस्सा सावरला, पुढे परत घसरला. आणि गंमत नाही, रागाची गोष्ट आहे ही: सीपीए न स्वीकारलेल्या टाउनमधले लोकसुद्धा ती फी भरतात आणि पैसा दुसऱ्या टाउनला जातो. नवंघर, तुम्ही क्लोजिंगला (घराची खरेदी पूर्ण होताना) ती भरलीये, कागद काढून बघा.

पगार आणि रस्त्यांचं म्हणाल तर नाही, चालतच नाही. रोजच्या देखभालीला पण चालत नाही, आणि टाउन आधीपासून जो खर्च करतं तो बंद करून त्याच्या जागी हा पैसा लावता येत नाही. दरवर्षी किमान १० टक्के मोकळ्या जागा आणि मैदानांसाठी, १० टक्के जुन्या वास्तूंसाठी, १० टक्के घरांसाठी खर्च करायचा किंवा राखून ठेवायचा. उरलेले ७० टक्के कुठे द्यायचे हे गाव ठरवतं (त्यातले ५ टक्क्यांपर्यंत कमिटीच्या कामकाजाला ठेवता येतात). केंब्रिजने वर्षानुवर्षं ८० टक्के घरांना दिलेत. कमिटी पाच ते नऊ जणांची, आम्ही शिफारस करायची आणि टाउन मीटिंगने (टाउनच्या मतदारांच्या सभेने) मंजूर करायचं. टाउन मीटिंग रक्कम कमी करू शकते, नाकारू शकते, पण आमच्या शिफारशीपेक्षा वाढवू शकत नाही.

आता चर्च. २०१८ साली ॲक्टन टाउनच्या केसमध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने चर्चच्या रंगीत काचांच्या खिडक्यांचा निधी अडवला, त्या काचांवर धार्मिक चित्रं होती. पण धार्मिक संस्थांना सरसकट बंदी घातली नाही, हेतू काय, मदत नक्की कशाला होते, वाद पेटायचा धोका किती असं प्रत्येक अर्जाला तपासायला सांगितलं. त्यामुळे हल्ली कमिट्या फार जपून वागतात.

मला सगळ्यात जवळचं काम सांगते. आमच्याकडे एक सफरचंदाची बाग होती, मालक म्हातारे, मुलं दूर, बिल्डरची ऑफर टेबलावर. टाउनने पुढच्या सरचार्जच्या जोरावर कर्ज काढून ती घेतली, कायमचं कॉन्झर्व्हेशनचं (जमीन मोकळीच ठेवायचं) बंधन घातलं, आणि त्याच जमिनीचा रस्त्याकडचा छोटा तुकडा वेगळा काढून परवडणाऱ्या भाड्याची घरं बांधायला दिला. तिथे आता आमच्याच शाळेतली एक मदतनीस राहते, आधी रोज पाऊण तास गाडी चालवून यायची. त्या मंजुरीच्या रात्री मी घरी येऊन रडले होते.

सगळे अर्ज असे सुरळीत जात नाहीत. क्रिकेटवाल्या मुलांना मैदान हवं होतं, त्यांनी कृत्रिम हिरवळ धरून अर्ज केला, आणि कायद्यात मैदानासाठी कृत्रिम हिरवळ घ्यायला सीपीएचा पैसा वापरता येतच नाही. इनडोअर हॉल पण नाही. नैसर्गिक गवत, ड्रेनेज आणि पिचचा अर्ज असता तर मी स्वतः त्यांच्या बाजूने भांडले असते, पण तोवर मुदत गेली होती आणि पुढच्या वर्षी त्यांच्यातलं कुणी परत आलंच नाही.

तिखटजाळ

आमच्या टाउनमध्ये आहे सीपीए, दोन पैसे माझे पण. १७०० च्या काळातल्या कबरींचे दगड नीट केले आणि टाउनची जुनी रजिस्टरं दुरुस्त करून स्कॅन केली यावरून इथल्या आपल्या ग्रुपवर बरीच नाराजी होती, 'आपला काय संबंध' वगैरे. मी त्या रजिस्टरांचं प्रदर्शन बघायला गेलो तर हाताने लिहिलेले जमिनीचे व्यवहार, कुणी दुष्काळात कुणाला धान्य दिलं त्याची नोंद, आणि मला आमच्या आजोबांच्या घरातली मोडीतली दप्तरं आठवली जी वाळवीने खाल्ली, कुणाला वाचवावीशी वाटली नाहीत. माझा संबंध तिथे जुळला. मत द्यायचं त्याने द्यावं, पण 'आपलं नाही ते' म्हणून 'नको' म्हणू नये असं मला वाटतं.

नवंघर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणीच समजावलं नव्हतं. टाउन क्लार्कच्या पानावर प्रश्नाचा पूर्ण मजकूर मिळाला, १ लाखाची सूट आहे, कमी उत्पन्नवाल्यांची पण आहे. आजोबांना त्या माफीबद्दल सांगितलं तर म्हणाले हे कुणी बोललंच नाही, पाटी मात्र अजून तिथेच आहे आणि तो त्यांचा हक्क. क्लोजिंगचे कागद काढले, फी दिसली. बायको 'हो'कडे झुकलीये, मला मीठभाकर यांचा एस्क्रोचा मुद्दा अजून छळतोय. ग्रीन कार्डवाल्याला सुनावणीत बोलता येतं का?

जुनी_वही

येतं की. मंजूर झालं तर कमिटीला दरवर्षी जाहीर सुनावणी घ्यावीच लागते आणि तिथे बोलायला मतदार असायची गरज नाही. टाउन मीटिंगमध्ये मात्र मत फक्त नोंदणीकृत मतदारांचं, बाकीच्यांनी बोलायला मॉडरेटरची (सभा चालवणाऱ्याची) परवानगी घ्यायची. आमच्या सुनावणीला कधी कधी चारच माणसं असायची. तुम्ही घरांसाठी काय हवं ते दोन मिनिटांत लिहून न्या आणि एस्क्रोवाला मुद्दाही तिथे मांडा, तो मिनिट्समध्ये (सुनावणीच्या लेखी नोंदीत) जायला हवा.

सासवडची_पोर

आणि आजोबांना फॉर्म भरायला मदत लागली तर सांगा, मी वीकेंडला येऊ शकते, त्याच बाजूला राहते.